लोकांच्या आवाजाचे कोठार

शेतकऱ्याच्या घरी धान्याचे दोन वाटे असतात. एक वाटा बाजाराला जातो किंवा पोटाला लागतो. दुसरा बियाण्यासाठी राखलेला असतो. कितीही नड आली तरी हा दुसरा वाटा सहसा कोणी मोडत नाही, कारण तो मोडला की पुढच्या मृगाला पेरायचे काय हा प्रश्न उभा राहतो. ही गोष्ट आपल्याकडे शाळेत न गेलेला माणूसही जाणतो. गाण्याच्या व्यापारात मात्र असा राखीव वाटा ठेवण्याची रीत नव्हती. जी तबकडी खपेल ती छापायची, जिचा खप मंदावला तिचे नाव यादीतून उडवायचे, असा तो रोकडा व्यवहार. या व्यवहाराच्या अगदी उलट वागून ३८ वर्षे टिकलेल्या अमेरिकेतील एका छोट्या कंपनीची ही हकीकत आहे. कंपनीचे नाव 'फोकवेज रेकॉर्ड्स'. फोकवेज म्हणजे लोकांच्या चालीरीती, लोकरीत.

कंपनीचा इतिहास सांगण्यापूर्वी तबकडीचे तंत्र थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. गवयाच्या आवाजाने हवेत कंप उठतो. त्या कंपाप्रमाणे हलणारी सुई मऊ पृष्ठभागावर नागमोडी चर कोरते. त्या मूळ तबकडीवरून धातूचा साचा करतात आणि साच्यावर दाब देऊन हव्या तितक्या प्रती काढतात. म्हणजे शिक्क्यावरून मोहर उठवावी तसेच हे काम. साचा करण्याचा खर्च एकदाच येतो. पुढे प्रती जितक्या जास्त, तितकी एकेक प्रत स्वस्त. म्हणूनच मोठ्या कंपन्यांना हजारोंनी खपणारी गाणी हवी असतात. शंभर-दोनशे माणसांना हवे असलेले गाणे त्यांच्या हिशेबात बसत नाही. आणि खप थांबलेली तबकडी एकदा यादीतून गेली, की पुष्कळदा तिचा साचाही मोडीत निघतो. मग गाणारा जिवंत असला तरी त्याचा आवाज बाजारापुरता मेलेलाच.

या हिशेबाला आव्हान देणारा माणूस म्हणजे मोझेस आश. त्याचा जन्म १९०५ साली पोलंडमधील वॉर्सा शहरी झाला. वडील शोलेम आश हे यिद्दिश भाषेतले नामवंत कादंबरीकार. यिद्दिश ही युरोपातील ज्यू लोकांची घरगुती बोली. पंडितांनी तिला बरीच वर्षे कमी लेखले आणि तरी तिच्यातून उत्तम वाङ्मय निर्माण झाले. साध्या माणसाची बोली हीदेखील जतन करण्याची वस्तू आहे, हा धडा मुलाला घरीच मिळाला असला पाहिजे. पुढे हे कुटुंब पॅरिसला आणि तेथून पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला गेले.

मोझेसला वडिलांची लेखणी लाभली नाही. त्याची नजर यंत्रांकडे. जर्मनीत कोब्लेंट्स येथे तो रेडिओचे तंत्र शिकला. त्याच काळात, १९२३ साली, पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला जॉन लोमॅक्स यांनी जमवलेल्या अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यांचा संग्रह सापडला. अमेरिकेला स्वतःचे लोकसंगीत नाही, असे युरोपातले सहाध्यायी त्याला हिणवीत. त्यांना द्यायचे उत्तर त्याला त्या पुस्तकात मिळाले. गुराख्यांची गाणी पुस्तकात छापली जातात, तर ती त्यांच्याच आवाजात का जपू नयेत?

न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने रेडिओ-दुरुस्तीचे आणि सभांना ध्वनिक्षेपक पुरवण्याचे दुकान काढले. 'डब्ल्यूईव्हीडी' नावाच्या रेडिओ केंद्रावर यिद्दिश कार्यक्रम होत. त्या केंद्राची यंत्रसामग्री बसवण्याच्या कामातून तो ध्वनिमुद्रणाकडे वळला. या संदर्भात तो स्वतः एक गोष्ट सांगत असे. जर्मनीतील ज्यूंच्या मदतीसाठी आल्बर्ट आइन्स्टाइन यांचे निवेदन ध्वनिमुद्रित करायला वडिलांबरोबर तो प्रिन्स्टनला गेला. तू काय करतोस, असे त्या थोर शास्त्रज्ञाने विचारले. आणि आपल्या काळाचे आवाज टिपून ठेवायचे काम तू अवश्य कर, अशा अर्थाचा सल्ला दिला. गोष्ट त्याचीच, आणि तो गोष्टी रंगवून सांगणारा माणूस होता. पण सल्ला मात्र त्याने जन्मभर पाळला, यात शंका नाही.

१९४० च्या सुमारास 'आश रेकॉर्ड्स' या नावाने त्याने तबकड्या काढायला आरंभ केला. १९४१ साली त्याने लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाकडून मुलांची खेळगाणी गाऊन घेतली. लेड बेलीचे खरे नाव हडी लेडबेटर. लुइझियानाकडचा हा माणूस बारा तारांची गिटार वाजवी, आणि त्याला शेकडो गाणी मुखोद्गत होती. पण खुनाच्या गुन्ह्यात त्याने तुरुंगवास भोगला होता. असल्या माणसाने लहान मुलांसाठी गावे काय, अशी ओरड झाली. आशने तबकडी मागे घेतली नाही. ज्या तोंडात गाणे जिवंत आहे त्या तोंडातूनच ते घ्यायचे, असा त्याचा बाणा.

इथे आपल्या देशाचा एक धागा या कथेत येतो. त्या काळच्या तबकड्या शेलॅकच्या म्हणजे लाखेच्या असत, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जाई. छोटा नागपूरच्या रानात पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर करतात, तो खरवडून आदिवासी बाया-बापड्यांनी बाजारात आणायचा आणि त्याच्या तबकड्या न्यूयॉर्कमध्ये वाजायच्या! महायुद्धात जहाजांची वाहतूक अडली, लाख युद्धसामग्रीसाठी राखली गेली, आणि १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेवर कडक नियंत्रण घातले. छोट्या कंपन्यांचे प्राण कंठाशी आले. आशने ज्याच्याकडे लाखेचा वाटा शिल्लक होता अशा दुसऱ्या कंपनीशी भागी केली आणि काम चालू ठेवले.

याच अडचणीच्या दिवसांत, १९४४ साली, वुडी गथ्री त्याच्या दाराशी आला. ओक्लाहोमाचा हा भटका गवई त्या वेळी व्यापारी जहाजावर खलाशी होता. धुळीच्या वादळांनी उद्ध्वस्त झालेल्या शेतकऱ्यांची, देशोधडीला लागलेल्या मजुरांची गाणी त्याने रचली होती. आशच्या लहानशा खोलीत त्याने थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक गाणी मुद्रित केली. 'धिस लँड इज युवर लँड' हे त्याचे गाणे आज अमेरिकेत शाळेतली मुले राष्ट्रगीताच्या खालोखाल म्हणतात. त्याचे पहिले मुद्रण त्याच खोलीतले. गथ्रीला पुढे असाध्य मज्जाविकार जडला आणि त्याचा आवाज गेला. त्या काही दिवसांत ते यंत्र चालू नसते, तर काय शिल्लक राहिले असते याचा विचार करावा.

एवढे होऊनही आशचा धंदा बुडाला. युद्धानंतर त्याने 'डिस्क' नावाची कंपनी काढली आणि खपाच्या मागे लागून जॅझ संगीतात मोठी रक्कम गुंतवली. नाताळसाठी काढलेल्या तबकड्या हिमवादळामुळे नाताळ उलटल्यावर दुकानात पोहोचल्या, असे तो सांगे. कारण हे एक असो की अनेक, कंपनीचे दिवाळे निघाले. दिवाळखोराला नवी कंपनी स्वतःच्या नावावर काढता येईना. तेव्हा १९४८ साली त्याची सहकारी मेरियन डिस्टलर हिच्या नावाने 'फोकवेज' सुरू झाली. कागदोपत्री आश केवळ सल्लागार! डिस्टलरबाईंनी १९६४ साली मृत्यू येईपर्यंत हिशेब, पत्रव्यवहार आणि मालकाचा तिरसट स्वभाव ही तिन्ही ओझी सांभाळली. कंपनीच्या यशात त्यांचा वाटा मोठा, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

दिवाळ्याने आशला जे शिकवले ते मोठे विलक्षण होते. पुष्कळ खपणाऱ्या मालाच्या मागे लागलो म्हणून बुडालो. आता थोडे खपणारे, पण नेहमी खपणारे काढायचे, असे त्याने ठरवले. काळही अनुकूल होता. १९४८ सालीच जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या, म्हणजे एल्पी, बाजारात आल्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांऐवजी वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावू लागला. फितीवर मुद्रण करणारी यंत्रेही मिळू लागली. खांद्यावरून यंत्र नेऊन रानात, खेड्यात, देवळात आवाज टिपता येऊ लागला.

आता फोकवेजची कार्यपद्धती पाहा. एकेका तबकडीच्या आरंभी फक्त काही शे प्रती काढायच्या. वेष्टण साधे काळे, जाड पुठ्ठ्याचे, वर छापील कागद चिकटवलेला. पण आत एक पुस्तिका हटकून असायची : गाण्याचे शब्द, गाणाऱ्याचे नाव-गाव, वाद्यांची माहिती, लोकांच्या चालीरीतींचे वर्णन. त्यामुळे शाळा, महाविद्यालये आणि वाचनालये ही कंपनीची बांधलेली गिऱ्हाइके झाली. प्रती संपत आल्या की पुन्हा थोड्या काढायच्या. पण एकदा यादीत आलेले नाव काढायचे नाही. वर्षाकाठी पाच-दहा प्रती जाणारी तबकडी यादीत कशाला, असे कोणी विचारले की आश म्हणे, एखादे अक्षर कमी वापरले जाते म्हणून शब्दकोशातून ते कोणी काढून टाकतो काय? आपल्याला हे सहज पटावे. 'ङ' आणि 'ञ' ही अक्षरे आपण कितीदा लिहितो? तरी मुळाक्षरांच्या तक्त्यात त्यांच्या जागा त्यांना आहेतच.

अशा रीतीने आशच्या कोठारात जे जमले, त्याची नुसती यादी वाचली तरी माणूस थक्क होतो. हैती बेटावरची ढोलकी, आफ्रिकेतील वाद्ये, यिद्दिश अंगाईगीते, खाणकामगारांची गाणी, कवींनी स्वतः म्हटलेल्या कविता. भारतातील धार्मिक संगीताची तबकडी १९५२ सालची. तिचे मुद्रण बनारसला राहून आपले संगीत शिकलेले फ्रेंच पंडित आलाँ दानिएलू यांचे. उत्तर अमेरिकेतील बेडकांचे आवाज ही १९५८ सालची तबकडी. त्यात बेडकांच्या जाती आणि त्यांचे हाका मारण्याचे प्रकार एका प्राणिशास्त्रज्ञाने समजावून सांगितले आहेत. कचेरीतले आवाज आहेत, वाफेच्या आगगाड्या आहेत. घशाच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढल्यावर माणूस पुन्हा बोलायला कसा शिकतो, याचीही तबकडी आहे. ही तबकडी कोण विकत घेईल? ज्याच्यावर तो प्रसंग आला तो, आणि त्याचा डॉक्टर. आशच्या मते तेवढे पुरे होते.

शिक्षकबंधूंनी एक नाव लक्षात ठेवावे : एला जेन्किन्स. शिकागोच्या या बाईंची पहिली तबकडी १९५७ साली फोकवेजने काढली. त्यांची पद्धत अगदी साधी. एकाने ओळ म्हणायची, वर्गाने तिला जबाब द्यायचा, टाळ्यांनी ताल धरायचा. आपला शाहीर म्हणतो आणि झीलकरी झील धरतात, तसलाच हा प्रकार. महागडे वाद्य नको, गोड गळाही नको. प्रत्येक मुलाला वाव. त्यांच्या तबकड्या पिढ्यान् पिढ्या शाळांत वाजत राहिल्या.

आता या कोठारातील सर्वांत मोलाच्या पोत्याकडे वळू. हॅरी स्मिथ नावाचा एक चक्रम, विद्वान आणि कफल्लक तरुण आपला जुन्या तबकड्यांचा संग्रह विकायला आशकडे आला. मुख्यतः १९२७ ते १९३२ या काळातल्या, दक्षिणेकडील गरीब गोऱ्या आणि कृष्णवर्णीय गायकांच्या या तबकड्या मोठ्या कंपन्यांनी काढल्या होत्या आणि मंदी आल्यावर टाकून दिल्या होत्या. आशने त्याला सांगितले, विकू नकोस. यातून निवड कर आणि टिपा लिही. १९५२ साली ८४ गाण्यांचा तो संग्रह सहा मोठ्या तबकड्यांवर प्रसिद्ध झाला. स्मिथने एक गोष्ट जाणून केली : कोणता गायक गोरा आणि कोणता काळा, हे त्याने कोठेच लिहिले नाही. वर्णभेदाच्या त्या काळात ऐकणाऱ्याला नुसता आवाज ऐकावा लागला.

या संग्रहाचा खप बेताचाच झाला. पण तो ज्यांच्या हाती पडला त्या तरुणांनी पुढे सारे अमेरिकन संगीत बदलले. बॉब डिलनने त्यातून घेतले, इतरही कित्येकांनी घेतले. आणि काही तरुणांच्या मनात प्रश्न उभा राहिला, हे गाणारे लोक आहेत कोठे? राल्फ रिन्झलर या तरुणाला १९६० साली उत्तर कॅरोलायनातील एका संगीतमेळ्यात क्लॅरेन्स ॲशली भेटला. संग्रहातील हा गायक हयात होता! त्याच्याबरोबरचे मुद्रण फोकवेजने १९६१ साली काढले. १९६३ साली मिसिसिपी जॉन हर्ट सापडला. १९२८ साली त्याने काही तबकड्या गायल्या होत्या. त्यांतल्या एका गाण्यात त्याने आपल्या ॲव्हलॉन गावाचे नाव घेतले होते. त्या नावावरून शोध घेत एक चाहता तेथे पोहोचला, तेव्हा सत्तरीचा हा शेतमजूर गुरांची राखण करीत होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांनी त्याचे गाणे ऐकले. पस्तीस वर्षे त्याला कोणी विचारले नव्हते. १९६६ साली तो वारला. पण त्या तीन वर्षांत त्याला त्याचे ऐकणारे मिळाले.

त्याच संग्रहात ब्लाइंड विली जॉन्सन या अंध, कृष्णवर्णीय भजनगायकाचेही एक गाणे होते. टेक्सासमधील हा गायक १९४५ साली दारिद्र्यात मेला. १९५७ साली फोकवेजने त्याच्या जीवनकथेची स्वतंत्र तबकडी काढली. पुढे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या गेल्या, तेव्हा या जॉन्सनचा आवाज बीथोव्हेनच्या शेजारी जाऊन बसला. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे. केसरबाईंच्या तबकड्या फोकवेजच्या नव्हेत. परंतु एकदा टिपून ठेवलेला आवाज कोठवर जाईल हे टिपणाऱ्याला ठाऊक नसते, एवढे यावरून दिसते.

आशच्या धाडसाची दुसरी बाजू राजकीय होती. पीट सीगर या गायकाला १९५५ साली अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभे केले गेले. आपली मते आणि आपले सोबती यांविषयी उत्तरे द्यायला त्याने नकार दिला. १९६१ साली त्याला शिक्षा झाली. १९६२ साली वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. त्या वर्षांत मोठी रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रे त्याला दारात उभे करीत नसत. फोकवेज मात्र त्याच्या तबकड्या एकामागून एक काढीतच राहिली. १९६५ साली अलाबामातील सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी कृष्णवर्णीयांनी मोर्चे काढले. चर्चमध्ये आणि रस्त्यावर लोक जसे गात होते, तसेच ते आवाज फोकवेजने प्रसिद्ध केले. इतिहासाच्या अभ्यासकाला सरकारी कागदांतून कायदा कळतो; भीती आणि धीर या गोष्टी मात्र असल्या आवाजांतूनच कळतात.

पण इतिहास लिहायचा तर जमेबरोबर नावेची बाजूही लिहिली पाहिजे. कलावंतांना आशकडून मोबदला फार थोडा मिळे. बऱ्याचदा मुद्रणाच्या वेळी हातावर काही डॉलर ठेवायचे आणि पुढच्या हिशेबाचे नाव काढायचे नाही, अशी त्याची रीत. याबद्दल अनेकांनी उघड तक्रारी केल्या. हॅरी स्मिथचा तो प्रसिद्ध संग्रहही मूळ कंपन्यांची रीतसर परवानगी न घेताच निघाला होता. तुम्ही हे गाणे बाजारातून काढून टाकलेत, म्हणजे त्यावरचा हक्क सोडलात, अशी आशची भूमिका. लोकांना त्यांचे संगीत मिळण्याचा अधिकार आहे, असे तो म्हणे. ऐकायला हे गोड लागते. परंतु गाणाऱ्या गरीब माणसालाही त्याच्या कष्टाचे मोल मिळण्याचा अधिकार आहे. आवाज जपला म्हणून त्या आवाजाच्या धन्याचे देणे फिटत नाही. आशने पैसा साठवला नाही, मिळाले ते पुढच्या तबकडीत घातले, हे खरे. तथापि त्याने प्रश्न सुटत नाही. दुसऱ्याची विद्या टिपणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा असा आहे.

म्हातारपणी आशला एकच चिंता लागली : आपल्यामागे या कोठाराचे काय होणार? कंपनी विकत घ्यायला लोक तयार होते; पण जे खपते तेवढे ठेवू, उरलेले काढून टाकू, असा त्यांचा विचार. आशची अट साधी आणि अवघड होती. बेडकांच्या तबकडीसकट एकूणएक नाव उपलब्ध राहिले पाहिजे. १९८६ साली तो वारला तेव्हा यादीत २,१६८ नावे होती. म्हणजे ३८ वर्षांत सरासरीने आठवड्याला एकाहून अधिक. १९८७ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ती अट मान्य करून सारा संग्रह घेतला. संस्थेकडून या कामी पुढाकार घेणारा माणूस कोण? क्लॅरेन्स ॲशलीला शोधून काढणारा तोच राल्फ रिन्झलर. १९८८ साली डिलन, स्प्रिंगस्टीन यांसारख्या नामवंतांनी गथ्री आणि लेड बेली यांची गाणी गाऊन एक तबकडी काढली, आणि तिचे उत्पन्न या खरेदीच्या कामी दिले. पेरलेले असे उगवले.

स्मिथसोनियनने अट पाळली. मागणी येईल तशी एकेक प्रत काढून द्यायची, आरंभी कॅसेटवर, मग सीडीवर आणि पुढे संगणकाच्या जाळ्यावरून. साच्याचा आणि साठ्याचा खर्च नाहीसा झाल्यावर आशची हट्टी पद्धत एकदम व्यवहार्य ठरली. २०१५ साली युनेस्कोने हा संग्रह जगाच्या स्मृतिठेव्यांच्या यादीत दाखल केला. दोन-तीनशे प्रतींच्या काळ्या वेष्टणातल्या तबकड्यांना मिळालेला हा मान.

या कथेतून आपण काय घ्यावे? आज आवाज टिपायला आशसारखी अवजड यंत्रे लागत नाहीत, लाख तर नाहीच नाही. खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या खिशात मोबाइल आहे. पण नुसता टिपलेला आवाज म्हणजे चिठ्ठी न बांधलेले बियाण्याचे गाठोडे. कोणते वाण, कोणत्या रानातले, कोणत्या साली राखले, हे माहीत नसेल तर पेरणार कसे? फोकवेजच्या तबकडीइतकेच मोल तिच्यातल्या पुस्तिकेला होते. म्हणून शिक्षकांना सुचवावेसे वाटते. गावात जात्यावरची ओवी म्हणणारी म्हातारी असेल, भारूड म्हणणारा असेल, मोटेवरची गाणी आठवणारा एखादा आजोबा असेल, तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा. आधी परवानगी मागायला शिकवा. नाव, गाव, वय, गाणे कोणाकडून शिकलात, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत होता, आणि मुद्रणाची तारीख, एवढे वहीत लिहून घ्यायला सांगा. टिपलेले गाणे प्रथम त्या म्हातारीलाच ऐकवा, आणि एक प्रत तिच्या घरी ठेवा. हे कोण ऐकणार, असे कोणी विचारील. अलाबामातल्या मोर्चात गाणाऱ्यांना तरी ते कोठे ठाऊक होते?